डोळ्यातली तार

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही नीट कळलं नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. चुका सापडतील, त्याची आधीच माफी मागते. हल्ली ओळ सरळही राहत नाही, डावीकडून सुरू करते आणि ती आपली वर चढत जाते. डाव्या डोळ्याला ओळ दिसत नाही म्हणून.

हे कुणाला दाखवायची माझी हिंमत होईल असं वाटत नाही. मला चारजणांत बोलता येत नाही, नाव विचारलं तरी तोंड पदराआड जातं. पण डोळ्याच्या दवाखान्यात बाकावर बसलेली असताना सारखं मनात यायचं, की इथे माझ्यासारखी आणखी कुणी असेल का, जी डॉक्टरांना खोटं सांगून बसली आहे? असेल तर हे तिच्यासाठी.

कामठा

आमचं गाव धुळ्याकडचं. आमचे हे यावल तालुक्यात एका केळीच्या मळ्यात वर्षाच्या बोलीनं सालदार होते. मळ्याच्या मालकांना सगळे आबा म्हणत. राहायला मळ्यातच पत्र्याची खोली होती. हे मळ्याचं बघायचे आणि मी गावातल्या बायांच्या टोळीबरोबर निंदणीला, कापूस वेचायला जायची.

सातपुड्याकडून डुकरं उतरत. नवी लावलेली केळी उकरून कंद खाऊन जात. डबे वाजवून झाले, फटाके फोडून झाले. मग आबांनी मोबाइलवर काही तरी बघितलं आणि एका वेल्डिंगवाल्याकडून कामठा करून आणला. आमच्याकडे धनुष्याला कामठा म्हणतात, पण हा आडवा होता. बंदुकीसारखा लाकडी दांडा, त्याच्या पुढे जुन्या रिक्षाच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा आणि दोरीच्या जागी मोटारसायकलची क्लच वायर. पाट्यावर दोन्ही पाय रोवून वायर मागे ओढायची, खाचेत अडकवायची, पुढे लोखंडी बाण ठेवायचा आणि घोडा दाबायचा. आवाज होत नाही, हीच त्याची मोठी गोष्ट.

असं हत्यार ठेवणं, त्यानं डुकराची शिकार करणं गुन्हा आहे, हे आबांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. संध्याकाळी वायर ओढायला मी यांना हात लावायची, त्यांना एकट्याला ती जड जायची. तेव्हा मी बघितलं होतं, पाट्याच्या भोकातून वायर जिथे वळते तिथे तिच्यातल्या बारीक तारा तुटून झाडूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. माझ्या बोटालाही एकदा टोचली. मी त्यावर काळी टेप गुंडाळली आणि काम झालं म्हणून गप्प बसले.

संक्रांतीनंतरची गोष्ट. मी टोळीतल्या बायांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. बाया येणार आणि दाराआड हे टांगलेलं, काय म्हणतील? म्हणून दुपारी तो काढून ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यामागे ठेवायला गेले. यांनी वायर ओढूनच ठेवली होती, पुन्हा ओढायला नको म्हणून. बाण नव्हता. बाण नाही म्हणजे धोका नाही, अशी माझी समजूत. चौकटीला दांडा आपटला, घोडा सुटला आणि फट्‌ आवाज झाला. बाण नसला की सगळा जोर वायरवरच येतो, हे मला नंतर कळलं. वायर तुटली.

मला वाटलं, डोळ्यात चिलट गेलं. इतकंच दुखलं.

पऱ्हाटीची काडी

दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला आणि समोर धुकं दिसायला लागलं. हे घाबरले. दवाखान्यात नेताना मोटारसायकलवर पुढे तोंड करूनच म्हणाले, "पऱ्हाटीनी काडी लागनी, इतलंच सांग. कामठानं नाव काढशी ते मी जेलमा जासू."

मी म्हटलं, "बरं."

त्या आठवड्यात आमची टोळी भागवतभाऊंच्या वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होती. त्यामुळे खोटं अगदी खऱ्यासारखं बसलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय लागलं?" मी म्हटलं, "पऱ्हाटी." ते म्हणाले, "शेतातल्या बायांचं हेच. काडी लागते, बुरशी धरते." आणि त्यांनी बुरशीचं औषध दिलं. दर तासाला थेंब.

थेंबांनी काही झालं नाही. जळगावच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनीही विचारलं, मीही तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना जीभ अडखळली नाही. याचंच मला आज जास्त वाईट वाटतं.

इकडे गावात एक वेगळंच होऊन बसलं. आमच्या टोळीच्या मुकादमीण सिंधूअक्का. यावलकडची बोली, आवाज असा की दोन वावरं पलीकडे ऐकू जावा. त्यांनी प्रत्येक बाईकडून मजुरीतले पैसे गोळा केले आणि माझ्या हातात आणून ठेवले. म्हणाल्या, "आज तुह्या डोळ्यात गेली, उद्या माह्या जाईन. लाजू नको, धर."

मी धरले.

अक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत. भागवतभाऊंच्या दारात गेल्या. मी त्यांच्यामागे उभी होते, डोळ्यावर पांढरी पट्टी. बाया जमल्या, गल्लीतले लोक जमले.

"भागवत, तुह्या वावरात बाईचा डोळा गेला. तुले काही वाटते का?"

"अक्का, मी काय तिले काडी मारली का?" भागवतभाऊ म्हणाले. "पऱ्हाटी आहे ती. सगळ्याच्याच वावरात आहे."

"मजुरी द्याले मागेपुढे करतं, आता हेही. गरिबाचा तळतळाट घेतं म्हणूनच तुह्या पोरीचं जमत नाही!"

भागवतभाऊंची मुलगी दारातच उभी होती, ती आत गेली. भाऊ आत गेले, पैसे घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता अक्कांच्या हातात दिले. बायांनी सगळ्यांनी मिळून दिले त्याहून ते जास्त होते.

मी एक शब्द बोलायला हवा होता. तोंडच उघडलं नाही. एरवी मी लाजाळू म्हणून लोक मला चांगली समजतात. त्या दिवशी माझा लाजाळूपणा मलाच कामाला आला.

जोडवी

डोळा बरा होईना. डोकं डाव्या बाजूनं ठणकायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तपासणीत बुरशी सापडत नाही, पण तुम्हाला काडी लागली म्हणता. डोळ्याच्या मागे पसरली की काय, ते बघायला एमआरआय करू." ते दुसऱ्या इमारतीत होतं.

तिथल्या माणसानं आधी सगळं काढायला लावलं. बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र. मंगळसूत्राला हात घालून मी थांबले, तर हे म्हणाले, "काढ. मी इठेच शे ना." त्या माणसाला हसू आलं. म्हणाला, "ताई, मशीन म्हणजे भलं मोठं लोहचुंबक आहे. दादा समोर जिवंत उभे आहेत, काळजी करू नका."

मग त्यानं विचारायला सुरुवात केली. हृदयाचं ऑपरेशन झालंय का? हाडात सळई आहे का? डोळ्यात, डोक्यात कधी लोखंडाचा कण, छर्रा, तार गेली होती का?

मी यांच्याकडे बघितलं. हे घाईनं म्हणाले, "नई, नई. पऱ्हाटी लागनी तिले."

"ताई, तुम्ही सांगा."

मी मान हलवली. नाही.

"का विचारतो माहीत आहे ना? बारीक कण जरी असला तरी मशीन तो ओढतं. डोळ्यात असला तर डोळा आतून फाटतो."

तार आत असेल असं मला तोवर वाटलंच नव्हतं. लागली आणि गेली, असंच धरून चालले होते. आता वाटलं, आत असेल तर? आणि सांगितलं तर यांना धरून नेतील. कोणतं मोठं, हे मला ठरवता येईना. मी तशीच उभी राहिले. खरं सांगते, मी आत जायला निघाले होते. डोळा गेला तर गेला, एवढंच डोक्यात होतं.

मला अडवलं ते जोडव्यांनी. उजव्या पायाचं जोडवं निघेना. लग्नापासून काढलं नव्हतं, बोट फुगून ते रुतलं होतं. मी म्हटलं, "दादा, चांदीचं आहे, राहू द्या." तो म्हणाला, "इथला नियम आहे. साबण लावून बघा." साबण नव्हता. हे खाली टपरीवर साबण आणायला गेले.

दार लागलं. मी एका पायावर उभी, दुसरा पाय स्टुलावर. तो माणूस पाठमोरा होता. पाठमोरा होता म्हणूनच बोलता आलं.

"दादा, मला पऱ्हाटी नाही लागली."

तो वळला. "मग?"

"तार."

"कसली?"

"लोखंडी. तुटून आली."

तो मला रागावला नाही. हाताला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. "इथून उठायचं नाही. त्या दारात पाऊल टाकायचं नाही," एवढं म्हणाला आणि फोन लावला.

हे परत आले ते हातात ओला साबण घेऊन. टपरीवाल्याकडचा वापरलेला तुकडाच मागून आणला होता. "निंघनं का जोडवं?"

मी म्हटलं, "मी सांगी दिधं."

हे माझ्या शेजारी बसले. साबण तसाच हातात होता, पाणी पँटवर गळत होतं. म्हणाले, "बरं करं." मग पुन्हा म्हणाले, "मीच सांगाले पाहिजे व्हतं."

एमआरआयऐवजी सीटी स्कॅन झाला. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढी तार होती. डॉक्टरबाईंनी मला पडद्यावर दाखवली. पांढरी, लखलखीत. मग शांत डॉक्टरबाई ओरडल्या. "इतके दिवस मी बुरशीचं औषध घालतेय! मला एका शब्दानं सांगता आलं नाही? मी काय पोलीस आहे?" बाहेरच्या बायांना ऐकू गेलं. मी खाली बघत राहिले. ओरडून झाल्यावर त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "आता सगळं सांगा. कसली तार, कुठून आली?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कागदावर खरं लिहावं लागेल." मी म्हटलं, "लिहा."

पालथी

ऑपरेशन धुळ्याला झालं, पडद्याचे डॉक्टर तिथे होते. ते म्हणाले, तार काढता येईल, नजर किती येईल ते सांगता येत नाही, उशीर झालाय. हे "उशीर झालाय" मला अजून ऐकू येतं.

तार निघाली. एका लहान बाटलीत घालून दाखवली. पण खरी परीक्षा नंतर होती. डोळ्यात हवेसारखं काही तरी भरलं होतं आणि पालथं पडून राहायचं होतं. जेवताना खाली बघायचं, चालताना खाली बघायचं, झोपायचंही पालथं. बाकीच्या पेशंट बायांना ते जड जायचं, मान धरायची, रडायच्या. मान माझीही धरली. पण मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं, त्यामुळे ते एका अर्थी सोयीचंच झालं.

शेजारच्या खाटेवर साक्रीकडची एक म्हातारी होती, मोतीबिंदूची. तिला मी जिजी म्हणायची. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "व पोरी, कव्हयनी जमीनमा काय धुंडी ऱ्हायनी? सोनं सापडनं ते माले भी सांग, निम्मं-निम्मं करूत."

मला हसू आलं. पालथं पडून हसलं की पोट दुखतं.

माझा चहा खाटेखाली ठेवून जिजी त्यात नळी घालून माझ्या तोंडाशी धरायची. तिला स्वतःलाच धड दिसत नव्हतं, नळी कधी नाकाला लागायची, कधी गालाला. "आते लागनी का तोंडले?" "नाही जिजी, कानात गेली." अशी आमची गंमत चालायची. काय झालं हे तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिलाही खोटं सांगितलं असतं का, हा विचार मी पुष्कळ केला. माहीत नाही.

हवालदार आले तेव्हाही मी पालथीच होते. मला फक्त त्यांचे बूट दिसत होते आणि त्यांच्या बाजूला यांच्या चपला. हवालदारांनी विचारलं, "हत्यार कोणाचं?" यांच्या चपला जरा मागे सरकल्या, पुन्हा पुढे आल्या. हे म्हणाले, "साहेब, मनाजोडे व्हतं. मी वापरू." सगळं स्वतःवर घेतलं, आबांचं नाव घेतलं नाही. वनखात्यानं कामठा जमा केला, जबाब झाले, यांना खेपा घालाव्या लागल्या. त्या कामठ्यानं एकही डुक्कर मेलं नव्हतं, म्हणून की काय, जेल झाली नाही. आबांनी मात्र आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपल्यावर यांना पुन्हा कामावर धरलं नाही. म्हणाले, "तुमच्यामुळे माझी बदनामी झाली." आम्ही मळा सोडून गावात खोली केली. हे आता केळीच्या गाड्या भरायला जातात.

फेड

धुळ्याहून आल्यावर सिंधूअक्का भेटायला आल्या. डबा घेऊन आल्या होत्या, कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी डबा उघडला नाही. आधी सांगितलं. कामठा, वायर, हळदीकुंकू, सगळं.

अक्का ओरडतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज पहिल्यांदा इतका बारीक ऐकला.

"मी त्या भागवतच्या पोरीवर गेली व माय. चारचौघात."

"हो अक्का."

"तू मांगं उभी होती."

"हो."

त्या उठल्या. दारातून म्हणाल्या, "भाकर खाऊन घे." आणि गेल्या. पुढे किती तरी दिवस त्यांनी मला कामाला हाक मारली नाही. टोळी माझ्या दारावरून जायची, मी आत भांडी घासत बसायची. घरात रोग असल्यासारखं त्या माझं दार टाळतात, असं मला वाटायचं. चूक त्यांची नव्हती.

मी यांना सांगितलं, ते पैसे आपले नाहीत. त्यांनी पऱ्हाटी लागलेल्या बाईला दिले होते, मला नाही. यांनी त्या आठवड्याच्या मजुरीतून निम्मे काढून माझ्यापुढे ठेवले.

बायांचे आधी फेडले. एकेकीच्या घरी जायची, उंबऱ्याबाहेर उभी राहायची. एक म्हणाली, "ठेव व बाई, तुह्या डोळ्याचं तर खरं आहे ना." दुसरीनं हात पुढे केला. "मले तर दे. मी काही मायेनं नव्हते दिले, अक्काच्या धाकानं दिले होते." तिच्याकडून निघताना मला सगळ्यात हलकं वाटलं. अक्कांनी त्यांचे घेतले आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये. चष्मा घालून ये." बाजारातून मी गाडीवाल्यांचा असतो तसा काळा चष्मा आणला. बाया मला हिरोइन म्हणायला लागल्या. त्यात थोडी थट्टा होती, थोडा टोमणा. दोन्ही सोसलं.

भागवतभाऊंकडे जायला सगळ्यात उशीर लावला. पहिल्यांदा गेले तेव्हा ते खाटेवर बसले होते. मी पैसे पुढे केले, झालेलं सांगितलं. ते म्हणाले, "मले समजलं होतं. गावात काय लपते?" मग म्हणाले, "पैसे ठेव तुह्याजवळ. मले ते बोलणं परत पाहिजे. ते कसं देते, सांग."

वहिनींनी, त्यांच्या बायकोनं, माझ्या हातातून पैसे घेतले आणि म्हणाल्या, "बाकीचे जमतील तसे आण." मी नेत राहिले, निंदणीचे, केळीच्या पानकापणीचे. दर वेळी वहिनीच घेत. भाऊ असले तर उठून जात.

एवढ्यात त्यांच्या वावरात पुन्हा आमची टोळी लागली. अक्काच जाऊन बोलून आल्या होत्या, काय बोलल्या ते मला माहीत नाही. शेवटचे पैसे माझ्याजवळ जमले होते. मी वहिनींना म्हटलं, संध्याकाळी घरी आणून देते. भागवतभाऊंनी ते ऐकलं.

"घरी नको," ते म्हणाले. "तेव्हा बायांसमोर घेतले, आता बायांसमोरच दे. इथं बांधावर."

दुपारच्या भाकरीला सगळ्या निंबाखाली बसल्या होत्या. मी चष्मा काढला, तो घालून बोलणं बरं दिसलं नसतं. बाया माझ्या डोळ्याकडे बघायला लागल्या. तो पांढरट झाला आहे, त्यानं मला उजेड कळतो, माणूस उभं आहे इतकं कळतं, चेहरा कळत नाही. मी म्हटलं, "मला भाऊंच्या वावरात काही लागलं नव्हतं. मी खोटं बोलले. भाऊंनी आणि त्यांच्या पोरीनं ऐकून घेतलं, त्यांचा काही दोष नव्हता." आवाज इतका खाली गेला की अक्का म्हणाल्या, "मोठ्यानं." मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मग अक्का स्वतः उठल्या आणि म्हणाल्या, "भागवत, पोरीचं बोलली ते माह्या तोंडचं होतं. ते माहं मी परत घेते." कुणी खात नव्हतं.

मी नोटा दिल्या. भागवतभाऊंनी त्या मोजल्या. एकदा मोजल्या, थुंकी लावून पुन्हा मोजल्या. एक नोट उन्हात धरून बघितली.

"ही फाटकी आहे. ही चालणार नाही."

मला वाटलं होतं ते म्हणतील राहू दे, झालं गेलं. ते म्हणाले नाहीत. माझ्याकडे दुसरी नोट नव्हती. अक्कांनी कनवटीची आपली नोट काढून त्यांना दिली, फाटकी स्वतःकडे घेतली आणि मला म्हणाल्या, "उद्या मजुरीतून कापते."

"काप," मी म्हटलं.

भाऊंनी तिसऱ्यांदा मोजल्या, घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात घातल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुरे आहेत. फिटले."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मजुरी वाटताना त्या एका नोटेचे पैसे कापून घेतले.